मुक्कामाचा ठराव

५ मे २०१९, रविवार

आज संस्थेत इतकं कमी दूध आलं की टेम्पोवाला म्हणाला, "सचिव, कॅन कावून धुवायलाव? तांब्यातच द्या की." थट्टेला उत्तर द्यायलाही अंगात त्राण लागतं, आणि या उन्हाळ्यात तेही दुधासारखंच आटलं आहे.

संध्याकाळी चारा छावणीवर जेवायला गेलो. होळीपासून मुक्ता तिथेच आहे, आमची रंगी म्हैस आणि दोन गाई घेऊन. जनावरांपाशी घरचं माणूस पाहिजे असा नियम आहे, साहेब कधीही हजेरीला येतात. मला दूध संस्था सोडता येत नाही, म्हणून बायको राहते. मी दोन्ही वेळा जेवायला तिच्याकडेच जातो, तेवढीच तिला सोबत होते. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते, पण घरच्यासारखीच होते. वर ताडपत्री, बाजूला दावण, चहूकडे मोकळं रान. पत्र्याच्या घरात एकट्यानं शिजण्यापेक्षा हे बरं, असं मला पुष्कळदा वाटतं.

जेवताना आमच्या मुलाचा, राधाकिशनचा, पुण्याहून फोन आला. त्याच्या ईश्वरीच्या शाळेला सुट्टी लागली आहे आणि तिला घाटाखालच्या त्या मोठ्या पार्कात जायचं आहे, जिथं पाळणे, घसरगुंड्या आणि कृत्रिम लाटा असतात. पोरीनं अट घातली आहे की आजी आली तरच. राधाकिशन म्हणाला, "नाना, तिकिटांचं मी बघतो. राहायचं कुठं, ते मात्र तुम्ही ठरवा. मागच्यासारखं नको." मागच्यासारखं म्हणजे तुळजापूरला. तिथं मला खोली पसंत पडली नव्हती आणि मी गाडीत झोपलो होतो. लेकरं बरोबर नको तेवढं लक्षात ठेवतात.

मुक्ता पहिल्यांदा नाही म्हणाली. रंगीला कोण बघंल, म्हणाली. शेजारच्या ताडपत्रीतली कडूबाई तिथूनच बोलली, "मी बगते की. जा बाई. चार दिस पाठ टेक."

७ मे, मंगळवार

अक्षय तृतीया. पितरांच्या नावानं पाण्याची केळी भरायची होती. मातीचं ते मडकं धुवायला पाणी जास्त लागतं आणि भरायला कमी, असं यंदा वाटलं. टँकरच्या पाण्यानं भरलं. वडील असते तर म्हणाले असते, पाणी कुठलं का असेना, भरणाऱ्याचं मन बघ. माझं मन रिकाम्या कॅनमध्ये अडकलेलं होतं.

छावणीत पुरणाचं काही नव्हतं, पण मुक्तानं गुळवणी केली होती. तिचे डोळे लाल दिसले. म्हटलं, चुलीचा धूर फार होतो, वारा बघून चूल मांडत जा. ती बरं म्हणाली.

बिछानाही बघितला. म्हैस आणि गाय यांच्या मधे टाकते, अगदी खेटून. रंगीच्या दाव्याचं टोक मनगटाला बांधते, आणि विळा उशाशी. मी हसून म्हटलं, "जनावरावर एवढा जीव बरा न्हाई. आन विळा कावून उशाला? सकाळी उसाचं वाढं तोडायला सापडत न्हाई का?" ती म्हणाली, "सापडतंय." मुक्ताची ही एक सवय आहे, विचारलेल्याचं उत्तर निम्मं देते.

निघताना मुक्कामाचा विषय काढला. म्हटलं, कुठं राहायचं ते ठरवायचं माझ्याकडं आलंय, तुझी काही सूचना? ती भांडी राखेनं घासत होती. पाणी नसलं की राखच. मान वर न करता म्हणाली, "कुठंबी ठिवा. दाराला आतून कडी आसली म्हंजे झालं."

बायकांचं मागणं किती लहान असतं, याचं नवल वाटलं. कडी कुठल्या दाराला नसते? हा मुद्दा काही विषयपत्रिकेवर घेण्यासारखा नाही.

९ मे, गुरुवार

राधाकिशननं राहायच्या जागांचे फोटो पाठवले. सकाळचं दूध घेऊन झाल्यावर संस्थेतच बसलो आणि एकेक विषय चर्चेला घेतला. चेअरमन आश्रुबा आले होते, म्हणजे कोरम झाला म्हणायचा. आमचं संचालक मंडळ आता दोघांच्या वर जमतच नाही.

पहिलं पार्कच्या आवारातलं हॉटेल. खोलीला किल्ली नाही, कार्ड लावायचं. न्हाणीत माणूस आडवा पडेल एवढा पांढरा टब. आश्रुबा मोबाइल जवळ धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सचिव, ह्याच्यात बसलेला तुमचा फोटू गावच्या ग्रुपवर पडला तर मेलाव बगा."

ते अनुभवानं बोलत होते. मागे मंडळाचा अभ्यास दौरा गेला होता, कोल्हापूरकडची डेअरी बघायला. डेअरी बघितली की नाही माहीत नाही, पण वाटेतल्या एका तलावात चेअरमनसाहेब गळ्यापर्यंत बुडालेले, डोळे मिटलेले, असा फोटो फुटला. तेव्हापासून गाव आम्हाला डुंबे मंडळ म्हणतं. मी तर त्या दौऱ्याला गेलोही नव्हतो. टँकरच्या साली सचिव टबात, हे मला परवडणार नाही. हॉटेल रद्द.

मग देवस्थानचं भक्तनिवास. हे मला फार आवडलं होतं. कोणी विचारलं तर देवाला गेलो होतो म्हणता येतं, आणि खोटंही ठरत नाही. पण दिवेलागणीनंतर तिथलं फाटक बंद होतं आणि पार्कातली रोषणाई तेव्हाच सुरू होते. राधाकिशन म्हणाला, "ईश्वरी रडंल." रद्द.

पनवेलला मुक्ताचा भाचा आहे. त्याबद्दल ती आधीच बोलली होती, "पावणी म्हनून जायाचं आन त्यायचीच भांडी घासायची." शिवाय त्याच्याकडं एकच खोली. रस्त्याकडेच्या लॉजला सूनबाईंचा विरोध. उज्ज्वला तशी गरीब मुलगी, पण चादरींचे फोटो मोठे करून करून बघते.

शेवटी राहिला कॅम्प. पार्कच्या जवळच, एका तळ्याच्या काठी पांढरे तंबू, आत खाटा, पुढं कंदील. आश्रुबा गालात हसले. "ही तर आपली छावनीच की. फकस्त जनावरं न्हाईत."

ते थट्टेनं म्हणाले, पण मला त्यात अर्थ दिसला. कोणी विचारलं की दुष्काळात कुठं मजा मारायला गेलाव, तर सांगता येईल, तिथंही छावणीतच राहिलो. फोटो पडला तरी तंबूचा पडेल. आणि मुक्ताला तर उघड्यावर राहायची आता सवयच झाली आहे. बंद खोलीत तिचा जीव उगीच घुसमटायचा.

सूचक मी, अनुमोदक चेअरमन. विरोधी मत नाही. बऱ्याच दिवसांनी काहीतरी मार्गी लागल्यासारखं वाटलं.

१२ मे, रविवार

मुक्ताला ठराव सांगितला. सरकी पेंड भिजवत होती.

"कॅम्प म्हंजे?"

"तंबू. तळ्याकाठी. खाटा आहेत आत."

तिचा हात पेंडीत तसाच राहिला. "दार हाय का त्याला?"

"दाराला चेन असते. बॅगेला असते तशी."

"म्हंजे बॅगंत घालून ठिवता व्हय मला?"

कडूबाई हसली, मीही हसलो. मुक्ता विनोद करते म्हणजे तिला पसंत आहे, असं मी इतक्या वर्षांत शिकलो आहे. ती परत पेंड कालवू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "ही छावनी सोडून त्या छावनीत. चला."

१५ मे, बुधवार

उद्या निघायचं. मुक्तानं पिशवी भरली. कडूबाईला सगळं समजावून सांगितलं, कुठली गाय मारकी आहे, रंगी दूध चोरते, हजेरीला साहेब आले तर काय बोलायचं.

मी कडूबाईला विचारलं, "तुला काय आणायचं तिकडून?" ही धनगराची बाई. नवरा मेंढरं घेऊन घाटाच्या खाली गेला तो अजून परतला नाही, आणि ही दोन बैलं घेऊन एकटीच राहते. मला वाटलं बांगड्या सांगेल.

"थोडी झोप आना," ती म्हणाली.

या बायकांना थट्टा सुचते तरी, हे चांगलं आहे.

१७ मे, शुक्रवार

काल केजहून एस्टीनं पुणे, आज राधाकिशनच्या गाडीनं इथं. अंगाचं नुसतं भुसकट झालं आहे. घाट उतरताना ईश्वरी आजीच्या मांडीवर बसून प्रत्येक पाटी वाचत होती. मुक्ता खिडकीतून झाडं बघत होती. इतकी हिरवी झाडं बघून तिला गुंगी आली असावी, कारण डोळे मिटत होते आणि डोकं काचेवर आदळलं की ती दचकून जागी होत होती.

तंबू फोटोतल्यापेक्षा चांगले आहेत. तळ्यात पाणी आहे. मे महिन्यात नुसतं पडून असलेलं पाणी बघितलं की मला कसंतरीच होतं, कोणाची तरी वस्तू उचलून आणल्यासारखं. काठावर बसून राहिलो. राधाकिशन म्हणाला, "नाना, आवडलं का?" मी आवडलं म्हणालो. आपण निवडलेल्या जागेला नावं ठेवता येत नाहीत.

एका तंबूत राधाकिशन आणि उज्ज्वला, दुसऱ्यात आम्ही दोघं आणि ईश्वरी. मुक्तानं आल्या आल्या ती चेन दोन-तीनदा वरखाली करून पाहिली. आतून लावली, मग बाहेरून हात घालून उघडली. "भायेरनंबी उघडतीय," म्हणाली. मी म्हटलं, सोयीचंच आहे.

१८ मे, शनिवार

सकाळी उठून पाहतो तर मुक्ता खाटेवर नाही. खाली, तंबूच्या तोंडाशी आडवी झालेली, आणि उशाशी विळा. छावणीतला विळा आणला होता, पातळात गुंडाळून. मला इतकी शरम वाटली. शेजारच्या तंबूत मुंबईची चांगली माणसं आहेत. मी म्हटलं, "इथं कुठला चारा तोडायचाय तुला?" तिनं नेहमीसारखं निम्मंसुद्धा उत्तर दिलं नाही. मी विळा वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकला आणि राधाकिशनला कुलूप लावायला सांगितलं.

पार्क फार मोठा. चालून चालून पायांचे तुकडे पडले. माणसं उलटी टांगून घेतात आणि त्यासाठी रांगा लावतात. ईश्वरीनं मला एका गाडीत बसवलं, ती अंधारात जाते आणि भुतं अंगावर येतात. मला त्या अंधारात एक डुलकी लागली. बाहेर आल्यावर ईश्वरी सगळ्यांना सांगत होती, नाना भुताला घाबरले नाहीत.

लाटांच्या तलावापाशी थांबलो. मोठं यंत्र पाणी हलवतं आणि लोक ओरडतात. मला वाटलं होतं, हे बघून राग येईल. आला नाही. राग यायलाही सवड आणि ताकद लागते. पायजमा वर करून पाय बुडवले. गार होतं. आश्रुबांनी डोळे का मिटले होते ते कळलं.

मुक्ताला पाण्यात यायचं नव्हतं. साडी चालत नाही, त्यांचे कपडे घालावे लागतात. ती बाकावर बसून पिशव्या सांभाळत होती. येणारा जाणारा तिच्याकडे बघत होता, कारण ती बसल्या बसल्या पुढे झुकत होती.

१९ मे, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी ईश्वरीनं सांगितलं की आजी रात्री झोपलीच नाही, तंबूच्या दारात बसून होती. मी म्हटलं, तिला रंगीची आठवण येत असेल. उज्ज्वला माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माय, आज तुम्ही माझ्यासोबत चला. पाण्यात नका येऊ, नुसतं तोंडावर पाणी मारा, बरं वाटंल."

दोघी बायकांच्या कपडे बदलायच्या जागेत गेल्या. मी, राधाकिशन आणि ईश्वरी बाहेर ऊस-रसाच्या गाड्यापाशी थांबलो. बराच वेळ झाला. उज्ज्वला एकटीच बाहेर आली. म्हणाली, "येतायत." आम्ही दुसरा रस प्यायलो. तरी मुक्ता येईना. बाई चक्कर येऊन पडली तर? तिथं मला जाता येईना. ईश्वरीला आत पाठवलं.

पोर आतबाहेर पळत निरोप आणू लागली. आत छोट्या छोट्या खोल्या आहेत, प्रत्येकीत वरून पाणी पडतं, बसायला फळी आहे. आजी एका खोलीत आहे. आजीनं आतून कडी लावली आहे. पाण्याचा आवाज येत होता, आता येत नाही. आजी हाक मारली तर ओ देत नाही.

उज्ज्वला परत आत गेली आणि तिनं तिथल्या पहारेकरी बाईला बोलावलं. ती बाई दारावर थापा मारू लागली, तो आवाज मला बाहेर ऐकू आला. मी पाटी न बघता आत निघालो होतो, राधाकिशननं दंडाला धरलं. मग मुक्ताचा आवाज आला. झोपेतला, जड.

"हाय मी. जित्ती हाय."

ती बाहेर आली तेव्हा केस मोकळे होते, ओले, कमरेपर्यंत. मी तिचे केस असे भर दिवसा किती वर्षांनी पाहिले कोण जाणे. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, लहान मूल दुपारी झोपून उठतं तसा. ती सगळ्यांची माफी मागत होती. "डोक्यावरून नाहले. फळीवर जरा टेकले, तर डोळाच लागला."

मग तिनं मागे वळून त्या दाराकडे पाहिलं आणि राधाकिशनला विचारलं, "बाबा, हितंच मुक्काम करता आला आसता का रं?"

मला हसू आलं. मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही. राधाकिशन जमिनीकडे बघत होता आणि उज्ज्वलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या तलावात औषध फार टाकतात, डोळे चुरचुरतात.

राधाकिशन लगेच हॉटेलात खोली विचारायला गेला. सुट्टीचा वार, एकही शिल्लक नव्हती. परत येऊन माझ्यावर उगीच खेकसला, "नाना, तुम्ही तिला विचारलं तरी होतं का?" मी म्हटलं, विचारलं होतं. विचारलंच होतं की. ती म्हणाली होती कुठंबी ठिवा.

पुढचं वाक्य मी त्याला सांगितलं नाही.

दुपारनंतर उज्ज्वलानं त्या पहारेकरी बाईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मुक्ताला परत आत नेलं. रोषणाई सुरू होईपर्यंत ती तिथंच होती. एवढ्या मोठ्या पार्कात येऊन बाईनं पाहिली ती एक कडी.

२१ मे, मंगळवार

परत आलो. डिकीतला विळा मुक्तानं पुण्यातच परत मागून घेतला होता. एस्टी केजला पोचली तशी मुक्ता घरीसुद्धा आली नाही, शेअर जीपनं थेट छावणीत उतरली. रंगीनं तिला पाहून दावं ताणलं.

कडूबाई म्हणाली, "आनली का झोप?"

"आनली हुती," मुक्ता म्हणाली. "एस्टीत सांडली."

दोघी हसल्या. मग कडूबाईनं पातळ आडवं धरलं आणि त्यामागं मुक्तानं प्रवासाची साडी बदलली. रोज असंच करतात, मी बघतो आणि बायकांच्या एकीचं कौतुक करतो. आज मात्र बघवलं नाही. पाठ फिरवून उभा राहिलो, तर समोरच्या दावणीवरचे दोघं तिकडंच बघत होते. मी त्यांच्याकडे बघितल्यावर त्यांनी विड्या पेटवल्या.

२२ मे, बुधवार

संस्थेत असताना ईश्वरीचा फोन. तिनं पार्कवर निबंध लिहायला घेतला आहे, त्यात तंबूचंही लिहायचं आहे.

"नाना, आजीच्या इकडच्या कॅम्पला चेनपण नाहीये ना?"

"नाही बाळा. नुसती ताडपत्री."

"मग रात्री कोणी आलं तर?"

मी म्हटलं, रंगी आहे की.

"आणि आजी शी-शूला कुठं जाते?"

मी रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. रेंज चांगली होती. टेम्पोवाला कॅन नेऊन कधीच गेला होता आणि माझ्यासाठी तिथं काहीच काम नव्हतं. खरं म्हणजे बरेच दिवस नाही. तरी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. संस्थेच्या खोलीच्या दाराला कडी आहे, मोठी, लोखंडी. ती वरखाली करून पाहिली. आवाज चांगला येतो.

२४ मे, शुक्रवार

काल तिन्हीसांजेला वळकटी डोक्यावर घेऊन छावणीत गेलो. मुक्ताला म्हटलं, "आजपासून मी राहतो. तू घरी जा."

"आन संस्था?"

"हितनं जाईन सकाळी. तांब्याभर दूध, त्याला काय लागतंय."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं नको म्हणेल, निदान एकदा तरी. म्हणाली नाही. रंगीचं, गाईंचं सगळं सांगितलं, किल्ली घेतली. चार पावलं गेली आणि परत आली. विळा माझ्या वळकटीखाली सरकवला.

"वाढं सकाळी तोडतो मी," मी म्हटलं.

"वाढ्यासाठी न्हाई त्यो," ती म्हणाली आणि गेली.

हे आता उजेड झाल्यावर लिहितो आहे. झोप लागली नाही. ताडपत्रीखाली सगळ्या बाजूंनी माणूस उघडा असतो. कुत्रं आलं तरी आपल्यासाठीच आलं असं वाटतं. मधेच कोणी तरी मोटारसायकल थांबवली, चालत आलं आणि सरळ माझ्या तोंडावर बॅटरी मारली. माझ्या मिशा बघितल्या आणि पुढे गेलं. मी उठून हाक मारली, कोण हाय बे. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

सकाळी कडूबाईला विचारलं, कोण होता.

"रोजच येतंय त्ये," ती चूल पेटवता पेटवता म्हणाली. "बगून जातंय. मुक्ताबाई विळा दावायची. मग आमी दोघी बोलत बसायचो, उजडंस्तोवर."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी जेवून जायचाव," कडूबाई म्हणाली.

त्या माणसाचं नाव तिनं सांगितलं. मी चेअरमनच्या कानावर घालणार आहे, छावणी चालवणाऱ्यांच्याही. आज रात्री कडूबाईनं तिची बाज आमच्या दावणीपाशी घ्यावी, बैलं मी बघेन, असं सांगून ठेवलं आहे.

२४ मे, पुन्हा

दूध घालून घरी आलो. अंघोळ करायची होती, आणि डोकं भणभणत होतं. उन्हं चांगली वर आली होती. दार लोटलं, तर आतून कडी.

एकदा वाजवली. आत काही हाललं नाही. दुसऱ्यांदा हात वर केला आणि तसाच खाली घेतला. ओट्यावर बसलो. वळकटी नव्हती, तर संस्थेची पिशवी पाठीशी घेतली.

आश्रुबा रस्त्यानं चालले होते. थांबले. "सचिव, सोताच्या घराम्होरं कावून बसलाव? किल्ली हरवली काय?"

"न्हाई. आतून कडी हाय."

"मग वाजवा की."

मी मान हलवली आणि जरा सावलीकडं सरकून बसलो.